खळ्यावर न घ्यायचं नाव

माझ्या आईला आमच्या गावात वावधाण म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, तेवढी छाती कुणाला नाही. पण मी एसटीतून उतरून गल्लीत शिरले की ओट्यावरची एखादी बाई शेजारणीला हळूच सांगते, ती बघ, वावधाणीची पोरगी आली. मला ऐकू येतं. माझे कान लहानपणापासून तिखट आहेत आणि राग त्याहून तिखट. मी वळून बघते तेव्हा ती बाई भाजी निवडायला लागलेली असते.

शब्द जुना आहे. हिंगोलीत माझ्या सोबत शिकवणाऱ्या बायकांना मी तो एकदा विचारला, तर एकीला ते गावाचं नाव वाटलं आणि दुसरीला औषधाचं. वावधाण म्हणजे मोठा वारा. पण नुसता मोठा म्हणून भागत नाही. आमच्याकडे वाऱ्याची प्रतवारी होती. रोजचं ते वारं. उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर गोल फिरते, पाचोळा उचलते आणि लेकरासारखी पळून जाते ती वावटळ. आणि रानच्या रान आडवं करत येतं, झाडाची फांदी मोडून पुढे जातं, घरावरचा पत्रा उचलून तिसऱ्याच्या वावरात टाकतं, ते वावधाण. त्याच्यामागून बहुतेक वेळा पाऊस येतो, गारा येतात. पण वावधाण म्हणजे पाऊस नव्हे. वावधाण म्हणजे फक्त ते वारं, त्याच्या सगळ्या माजासकट.

आणि हे नाव खळ्यावर घ्यायचं नसे.

जवळा बाजारहून औंढ्याकडे जाताना डाव्या हाताला आमचं गाव लागतं. तेव्हा हिंगोली जिल्हा वेगळा झाला नव्हता, आमचा सगळा कारभार परभणीला होता. गावाच्या पश्चिमेला एक उताराची पांढरी जमीन होती, तिला खळवाडी म्हणत. गावातल्या बऱ्याच जणांची खळी तिथे एकमेकांना लागून होती, कारण तिथे वारं चांगलं लागायचं. मळणीची यंत्रं यायला लागली होती, पण ती मोठ्या शेतकऱ्यांकडे. आमच्यासारखे लोक अजून बैलांकडून ज्वारी मळून घेत आणि मग तीन पायांच्या उंच तिवईवर उभं राहून ती वाऱ्यावर उपणत. टोपलं डोक्याच्या वर धरायचं, हळूहळू तिरपं करायचं. दाणा खाली रासेवर पडतो, भूस वाऱ्याबरोबर पुढे जातं.

खळ्याचे नियम पुष्कळ. चप्पल घालून यायचं नाही. रास उघडी असताना "संपलं" म्हणायचं नाही. रात्री सापाला लांबडं म्हणतात तसं खळ्यावर वावधाणाला नुसतं "मोठं" म्हणायचं, आणि शक्यतो तेही नाही. नाव घेतलं की ते ऐकतं आणि येतं, असं सगळे मानत. आणि बाईनं तिवईवर चढायचं नाही. बाईनं टोपली भरून वर द्यायची, रासेवरचा कचरा खराट्यानं हलक्या हातानं ओढायचा, पोती भरायची, पाणी आणायचं, भाकरी आणायच्या, लेकरं सांभाळायची. वर उभं राहून टोपलं तिरपं करायचं काम तेवढं पुरुषाचं. कौशल्याचं काम आहे, मान्य. पण ते कौशल्य हातात असतं की मिशीत, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. विचारलं की म्हणत, बाई चढली की वारं पडतं.

मी बारावीची परीक्षा देऊन घरी आले होते, त्या वर्षीची गोष्ट. बाबा बैलगाडीवरून पडले आणि मांडीपासून खाली प्लास्टर घालून घरी पडून राहिले. आमची ज्वारी मळून झाली होती, भुसासकट रास खळ्यावर पडली होती आणि ती उपणायला घरात पुरुष नव्हता. माझा भाऊ अजून पाचवीत. राहिला काका, बाबांचा धाकटा भाऊ. त्याचं खळं आमच्या वरच्या अंगाला, उंचवट्यावर होतं. त्यानं बाबांना शब्द दिला, माझं झालं की तुमचं करतो.

मग वारं सुटलं. असं वारं वर्षातून थोडेच दिवस मिळतं, एका अंगानं वाहणारं, न थांबणारं, न उसळणारं. काकानं ते आपल्या रासेला लावलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, ज्याचं त्यानं आधी बघावं. पण दुसऱ्या दिवशीही ते वारं होतं, आणि माय सकाळपासून खळ्यावर आमच्या रासेजवळ उभी राहून उंचवट्याकडे बघत होती. संध्याकाळी ती काकाकडे गेली. तो म्हणाला, उद्या उरलंसुरलं उरकतो, मग तुमचंच. तिनं घरी येऊन बाबांना विचारलं, आपण मजूर लावू का. बाबा म्हणाले, मजुराच्या हातानं रास उपणायची वेळ आली नाही अजून, भाऊ आहे माझा. दोन्ही भाऊ एकमेकांवर भरवसा ठेवून निवांत होते. निवांत नव्हती ती एकटी माय.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी खळ्यावर गेलो. वारं होतंच. मायनं आजूबाजूला पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. नऊवारीचा कासोटा घट्ट केला, तिवई हलते का ते हातानं दाबून बघितलं आणि वर चढली. मला म्हणाली, भर टोपलं. मी भरलं. शेजारच्या खळ्यांवरचे खराटे थांबलेले मला ऐकू येत होते. एका म्हाताऱ्यानं खाकरून घसा साफ केला. बायकांनी तोंडाला पदर लावला. मायनं पहिलं टोपलं तिरपं केलं, दाणा सरळ रेघेत खाली आला आणि भूस दूर जाऊन पडलं. वारं पडलं नाही. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण गावात नंतर कुणालाच ती आठवली नाही. बाई तिवईवर चढली आणि वारं पडलं नाही. दुपारपर्यंत ते तसंच वाहत होतं.

दुपारपर्यंत आमची अर्धी रास स्वच्छ झाली. आम्ही दोघींनी पोती भरली, गाडीत टाकली, घरी नेऊन आत लावली. एकच ताडपत्री होती, ती पोत्यांखाली अंथरलेली तशीच घरी राहिली. बाबा खाटेवरून पोत्यांकडे बघत राहिले. कुणी उपणलं, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं, पण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. आम्ही दोन घास खाल्ले आणि परत खळ्यावर आलो.

आता वारं मंद झालं होतं. माय तिवईवर टोपलं घेऊन उभी राहिली, वाट बघत. मी खाली बसून पुढचं टोपलं भरत होते, माझं तोंड भुसात. एकाएकी वरून तिचा आवाज आला. तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. सगळ्या खळवाडीला ऐकू जाईल असा.

"वावधाण आलं. झाका. वावधाण येऊन राहिलं, राशी झाका."

मी वर पाहिलं. पश्चिमेचं आभाळ खालून मातकट झालं होतं. त्यानंतर जे झालं ते फार भराभर झालं. माणसं धावली. ताडपत्र्या ओढल्या, धोंडे ठेवले, बायकांनी लेकरं काखेत मारली, बैल सोडले. शेजारच्या खळ्यांवरच्या राशी झाकून झाल्या तेव्हा ते येऊन पोचलं. आमच्याकडे झाकायला काही नव्हतं. माय खाली उतरली आणि रासेवर पालथी पडली, हात पसरून. मीही तिच्याशेजारी पडले. तिवई माझ्या पायाशी येऊन आदळली. भूस, दाणा, माती सगळं तोंडात गेलं. मग गारा पडल्या. पाठीवर बसत होत्या त्या मला आता आठवतात तशा मोठ्या होत्या की नाही, सांगता येत नाही; पण माय एकदाही हलली नाही हे पक्कं आठवतं.

आमची उरलेली अर्धी रास गेली. जी राहिली ती भिजून काळी पडली, जनावरांना घातली. बाकीच्यांचं थोडंफार नुकसान झालं, पण राशी वाचल्या. हिशेब सरळ आहे, चौथीतल्या पोराला कळेल इतका. ती तिवईवर चढली नसती तर आमची सगळी रास गेली असती. तिवईवर उंच उभी नसती तर तिला ते दिसलं नसतं. ओरडली नसती तर अर्ध्या खळवाडीची ज्वारी औंढ्यापर्यंत पसरली असती. मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी चार माणसं घरी येतील आणि वैनी तुमच्यामुळं वाचलो म्हणतील. किती बावळट होते मी.

दुसऱ्या दिवशी माणसं आली खरी. बाबांच्या खाटेजवळ बसली, चहा प्याली. बाईनं तिवईवर चढू नये म्हणतात ते उगीच नाही, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, चढली ते एक वेळ सोडा, पण रास उघडी असताना खळ्यावर नाव घेतलं, तेही बोंब मारून. आमच्याच चुलीवरचा चहा, आमच्याच घरात. आणि हे बोलणारे कोण? ज्यांनी तिचा आवाज ऐकून ताडपत्र्या ओढल्या ते. ज्यांच्या घरात वाचलेली ज्वारी होती ते. काका दाराशी बसून होता. तोही म्हणाला, नाव घ्यायला नको होतं वैनीनं. माय चुलीपुढे बसून सगळं ऐकत होती. लोक गेल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, तू गप बसली असतीस तर कदाचित वरून गेलं असतं.

मला आजही ते वाक्य आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला शिकवलं, एम.ए. करायला नांदेडला पाठवलं, त्या काळात आमच्या भावकीत एवढं कुणी केलं नव्हतं. पण ते वाक्य मी त्यांना माफ केलेलं नाही आणि ते गेले म्हणून करणारही नाही.

तेव्हापासून माय वावधाण झाली. आधी खळ्यावरचे लोक म्हणायचे, मग गाव म्हणायला लागलं. नुसतं नाव पडलं असतं तर चाललं असतं, गावात कुणाला नाव नसतं? पण पुढं मृग लागला आणि पेरणी आली. आमच्याकडे तिफणीमागून बाई सरता, म्हणजे बी सोडायची नळी, धरून चालते, मुठीतनं बी सोडत. मायचा हात पेरणीला चांगला, असं सगळे म्हणत. दर साली लोक आदल्या दिवशी घरी येऊन सांगून जायचे, उद्या आमच्याकडं या. मजुरीपेक्षा त्या बोलावण्याचा तिला मान वाटायचा. त्या साली कुणी आलं नाही. पुढच्या साली नाही. काकानंसुद्धा आपल्या सरत्यावर दुसऱ्या गावची बाई आणली. माय आमच्या एवढ्याशा वावरात पेरायची आणि शेजारच्या वावरातल्या बायका बोलत-हसत जाताना तिच्याकडे न बघता जायच्या. खळ्यावर तर तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही. पुढच्या वर्षापासून आमची भाकर मीच घेऊन जायची.

मी तिला एकदा विचारलं होतं, तुला खरंच वाटतं का, तुझ्या तोंडामुळं आलं म्हणून. ती ज्वारी पाखडत होती. म्हणाली, असंल माय, लोक काय खोटं बोलतेत का. सूप थांबलं नाही. मला वाटलं, हिला पटलं आहे. गाव काय म्हणतं याचं मला फार नव्हतं; पण हिनं ते स्वतःवर घ्यावं, हे मला सहन होत नव्हतं. तिच्या मनातून हे काढायचं, असं मी ठरवलं. कसं काढायचं ते माहीत नव्हतं. मी शिकलेली होते, मला शब्द सोडून दुसरं हत्यार येत नव्हतं. म्हणून मी त्या शब्दाच्याच मागे लागले.

नांदेडच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जुने जाडजूड शब्दकोश होते, पानं पिवळी, पाठ सुटलेली. त्यात तो होता. वावधाण, वावधान, वाउधाण, अशी दोन-तीन रूपं. अर्थ, सोसाट्याचा वारा, झंझावात. पुढे कंसात प्राचीन. मी ती ओळ कितीदा वाचली असेल. बाईचा त्यात पत्ता नव्हता. तिवईचा नव्हता. नाव घेतल्यानं येतं, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

शब्दाचं मूळ विचारायला मी आमच्या सरांकडे गेले. भाषाशास्त्र शिकवायचे, अभ्यासू माणूस. ते खुलले. म्हणाले, पहिला भाग स्पष्ट आहे. संस्कृतातला वात, म्हणजे वारा. मधला त झिजून गेला, त्या जागी व आला, वाव. वावटळ त्याच घरातली. पतंगाला जुन्या मराठीत वावडी म्हणत, तीही वाऱ्यावर उडते म्हणून. आपण वाताहत म्हणतो, त्यातही वात आहे, वाऱ्यानं मारलेलं ते वाताहत. दुसऱ्या भागाबद्दल मात्र त्यांना खात्री नव्हती. कुणी धावण्याशी जोडतं, कुणी हलवण्याशी, खरं कुणालाच माहीत नाही, असं ते म्हणाले. मला बरं वाटलं. हजार वर्षं जुना शब्द, जुन्या पोथ्यांत वापरलेला, संत-पंडितांनी बिनदिक्कत लिहिलेला. त्यांनी लिहिला तेव्हा कुठली रास उडाली?

मग सर म्हणाले, हा आता मृत शब्द आहे, बोलीतून गेला. मी म्हटलं, आमच्या गावात आहे, रोज वापरतात. त्यांचे डोळे चमकले. कुठल्या अर्थानं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या आईला म्हणतात.

मला वाटलं, आता विचारतील, का म्हणतात. त्यांनी टेबलावरचं एक कोरं कार्ड ओढलं आणि विचारलं, म्हणजे लाक्षणिक अर्थानं? वादळी स्वभावाची स्त्री, असं? आणि मी काही बोलायच्या आत ते लिहूनसुद्धा टाकलं. पुढे मागे कोशाची पुरवणी निघाली तर उपयोगी पडेल म्हणाले. वादळी स्वभावाची. जी बाई आयुष्यात एकदा मोठ्यानं बोलली ती. मी उठून आले. त्या माणसाला नमस्कारही केला नाही, आणि पुढे वर्षभर त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसले.

मायला मी मूळ सांगितलं, वात आणि वाव आणि वावडी. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, इतके पैसे भरून हेच शिकवतेत का तिकडं? मी चिडले आणि ती हसली. त्या विषयावर तिचं एवढंच झालं.

वर्षं गेली. मला हिंगोलीत कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली. जिल्हा वेगळा झाला, रस्ते झाले, ज्वारी कमी होऊन सगळीकडे सोयाबीन आलं. मळणीयंत्र वावरात येऊन उभं राहायला लागलं. एका अंगाला दाणा, एका अंगाला भूस, वारं असो नसो. खळवाडीवर प्लॉट पडले, पत्र्याची दुकानं आली. तिवया जळणात गेल्या. चप्पल काढायचा नियम गेला, संपलं म्हणायचा नियम गेला, नाव न घ्यायचा नियम गेला. लोक आता टीव्हीवरचं बघून चक्रीवादळ म्हणतात आणि कुणी त्यांना अडवत नाही. वावधाण हा शब्द गावातून उठला. उरला फक्त माझ्या आईच्या अंगावर. सगळं विसरले ते लोक, तेवढं एक विसरले नाहीत. नव्या पोरांना तर तो शब्द आहे हेही ठाऊक नव्हतं, त्यांना ते तिचं नावच वाटायचं.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. दिवाळीला मी गावी गेले होते. काकानं नवं घर बांधलं होतं, फरशी, गच्ची, सगळं. आम्हाला फराळाला बोलावलं म्हणून मी आणि माय गेलो. काका आता म्हातारा झाला होता, दारात खुर्ची टाकून बसायचा. आम्ही पायरी चढतो तोच आतून त्याची नात धावत आली, सहा-सात वर्षांची असेल, आणि आनंदानं घरात बघून म्हणाली, वावधाण आजी आली.

सून धावली. पोरीच्या पाठीत एक धपाटा बसला. पोरगी रडायलासुद्धा विसरली, तिला कळेचना आपलं काय चुकलं. तिनं नाव घेतलं होतं, एवढंच. मायनं तिला जवळ ओढलं, पाठ चोळली आणि आत जाऊन बसली, जसं काही झालंच नाही. काका हसला. म्हणाला, लेकरू हाय, त्याला काय कळतं.

माझ्यानं राहवलं नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि विचारलं, लेकराला कळत नाही, तुला कळतं ना काका? मग सांग. तुझं खळं उंचवट्यावर होतं. आमच्यापेक्षा तुला पश्चिम चांगली दिसायची. वावधाण येताना तुला दिसलं नाही?

मला वाटलं होतं, तो नाही म्हणेल, किंवा चिडेल. तो सहज म्हणाला,

"दिसलं की. तुज्या मायच्या आधी दिसलं. म्या ताडपत्री वढून राहिलो व्हतो, तवाच तिनं बोंब मारली."

सुनेच्या हातातली ताटली तशीच राहिली. मी विचारलं, मग सांगितलं काहून नाहीस? आमची रास खाली उघडी होती. तुझ्या भावाची रास.

"नाव कसं घ्यावं?" काका म्हणाला. "खळं व्हतं ते."

त्याच्या तोंडावर लाज नव्हती. खोटं बोलण्याचा प्रयत्नही नव्हता. त्यानं नियम पाळला होता आणि त्याचं त्याला समाधान होतं, आजही. ते आलेलं बघून त्यानं आपली रास झाकली, भावाची आणि सगळ्या खळवाडीची उघडी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी बसून म्हणाला, नाव घ्यायला नको होतं वैनीनं. आणि मी मात्र शब्दकोशात शोधत बसले होते. जे सुचत होतं ते दिवाळीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला बोलण्यासारखं नव्हतं, आणि तरी मी तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात माय आतून म्हणाली, अगदी साध्या आवाजात, चहात साखर कमी आहे म्हणावं तशी.

"तुमी दिसले व्हते मला, भाऊजी. ताडपत्री वढताना. म्हनून तं म्या मागं वळून पाह्यलं."

काकानं मान खाली घातली. पहिल्यांदाच. म्हणजे तिला माहीत होतं. इतकी वर्षं, बाबा भिंतीकडे तोंड करून बोलले तेव्हाही, सरत्यावर दुसऱ्या गावची बाई आणली तेव्हाही, मी वात आणि वाव सांगत बसले तेव्हाही. लोक काय खोटं बोलतेत का, असं ती मला म्हणाली होती आणि मी ते खरं धरलं होतं. मला काकाचा आला नसेल इतका राग तिचा आला. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? एका शब्दानं सगळ्यांची तोंडं बंद झाली असती.

"बोलले की एकदा," ती म्हणाली. "त्याच्यानं काय झालं ते पाह्यलंस ना."

नात अजून तिच्या मांडीला टेकून बसली होती. मोठी माणसं कशावरून भांडतात ते तिला कळत नव्हतं, पण धपाटा का बसला ते कळून घ्यायचं होतं. तिनं मायच्या पदराला धरून विचारलं, आजी, वावधाण म्हंजी काय?

सुनेनं तिच्याकडे डोळे वटारले. काका खुर्चीत हलला. माझ्याकडे उत्तर तयार होतं, मुळासकट. मायनं मला बोलू दिलं नाही.

"मोठं वारं," ती म्हणाली. "लई मोठं. दिसलं की वरडून सांगायचं सगळ्यायला. गप बसायचं न्हाई."

पोरीनं मान डोलावली. मग मायनं पोरीच्या हातात एक करंजी दिली आणि सुनेला म्हणाली, चहा ठेव आता, उशीर व्हायलाय.